वास लागू नये म्हणून

शेजारच्या बाईंची चिठ्ठी पत्रपेटीत पडली तेव्हा घरात मी एकटाच होतो. निळी शाई, सुवाच्य अक्षर, चारच ओळी. ही तक्रार समजू नका. पण आपली मधली भिंत एकच आहे, तुमच्या तळघरातला वास आमच्याकडे येतो आणि खाली वाळत घातलेल्या कपड्यांना धरतो. काही करता आलं तर बरं होईल. शेवटी नाव आणि नावापुढे काढलेला हसरा चेहरा.

माझ्या मनात पहिल्यांदा आले ते बोंबील. आदल्या रविवारी हिने देशी दुकानातून आणलेले सुके बोंबील तव्यावर भाजले होते. बाहेर उणे अठरा, खिडक्या गच्च बंद. ओंटारिओतल्या किचनर गावच्या त्या उबदार स्वयंपाकघरात चिठ्ठी हातात घेऊन उभा होतो आणि कानशिलं तापली होती. १९८२ साली नारायण पेठेत तापायची, अगदी तशीच.

तेव्हा मी मालवणकडून नुकताच पुण्यात आलो होतो. चिंचवडला ब्लोअर बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्ट बेंचवर नोकरी, आणि राहायला एका वाड्यात दीड खोली. आई एसटीच्या पार्सलमधून सुकट धाडायची. वाड्याचे मालक सज्जन होते. ‘मासे’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ‘वास येतो हो,’ एवढंच म्हणायचे, आणि म्हणताना माझ्याकडे न बघता जिन्याकडे बघायचे. मी माझ्या परीने उपाय केला. दिवसभर पंखे तपासणारा माणूस मी. सुकट भाजायला घेतली की टेबलफॅन खिडकीत उलटा ठेवायचो, तोंड बाहेर करून. खोलीतला वास बघता बघता जायचा. जायचा कुठे, तर चौकात, आणि चौकातून थेट मालकांच्या ओटीवर. आठव्या महिन्यात आम्ही पिंपरीला खोली घेतली. पंखा वास मारत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो, हे मला टेस्ट बेंचवर कुणी शिकवलं नव्हतं. राहण्यालाही आपल्या भाषेत वासच म्हणतात, हे त्या दिवसांत जरा जास्तच बोचलं होतं.

मुलगा संध्याकाळी आला तसा मी चिठ्ठी पुढे केली. ‘अरे, आजपासून बोंबील बंद.’

त्याने चिठ्ठी वाचली, हसला. मग हसू आवरून बूट काढत बसला, गरजेपेक्षा बराच वेळ.

‘बाबा, हा बोंबलांचा वास नाहीये. खाली या जरा.’

तळघरात एक काळा तंबू आहे हे मला ठाऊक होतं. चार फूट लांब, चार फूट रुंद, साधारण पावणेसात फूट उंच. आतून चंदेरी, वर एलईडीचा दिवा. थंडीत झाडं जगवायला घेतलाय, असं त्याने फोनवर सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं. चेन उघडली की समोरच हिची तुळस दिसायची, शेजारी कढीपत्ता, दोन मिरच्या. मी आजवर तेवढंच पाहिलं होतं. त्याने कुंड्या बाजूला सरकवल्या. मागे चार झाडं होती, कमरेएवढी, हाताच्या पंज्यासारखी पानं, शेंड्यांना चिकट फुलोरा. आणि वास असा, की एक पाऊल मी आपोआप मागे घेतलं.

‘इथे कायदेशीर आहे,’ तो म्हणाला. खरंच आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात प्रौढांना मुभा आहे, आणि ओंटारिओत चार झाडं लावता येतात. माणशी नव्हे, घरटी. आपल्याकडे १९८५ चा कायदा आहे, त्यात फुलोरा म्हणजे गांजा, आणि फुलोऱ्याविना नुसती पानं त्या व्याख्येच्या बाहेर. म्हणून होळीला भांग चालते आणि गांज्याला बेड्या पडतात. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या मुलाच्या तळघरात, आपल्याच बायकोच्या तुळशीमागे ते झाड उभं असणं वेगळं.

मी वर आलो. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पाहिलंस? मला तुळस खाली ठेवली तेव्हाच दिसलं होतं. तुळशीत भांग म्हणतात ना, ती ही.’

‘आणि तू काही बोलली नाहीस?’

‘छत्तीस वर्षांचा आहे तो. तुझ्या छत्तिसाव्या वर्षी तू खिशात काय ठेवायचास ते तुझ्या आईला माहीत होतं.’

यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं. रात्री बराच वेळ झोप लागली नाही. सकाळी पाच वाजता उठून मी पुन्हा तळघरात गेलो. झाडं बघायला नव्हे, पंखा बघायला. मुलाशी काय बोलावं हे सुचत नव्हतं, पण पंखा काय म्हणतोय ते मला दाराबाहेरूनच ऐकू येत होतं. तो घसा ताणून ओरडत होता. चौतीस वर्षं ब्लोअर ऐकलेल्या कानाला तेवढं कळतं. बिचाऱ्याचं स्थळ चुकलं होतं.

नाश्त्याला मी पहिला प्रश्न विचारला तो हा: ‘पंखा किती सीएफएमचा आहे?’

मुलाच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं त्याला मी सुटका म्हणेन. ‘चारशे. सहा इंची. आणि फिल्टर दोनशेचा, चार इंची. मध्ये रिड्यूसर टाकलाय. पंखा मोठा असलेला बरा ना, बाबा?’

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा ‘मोठा असलेला बरा’ शिकल्यासवरल्या माणसांनाही फसवतो. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा असतो तो मोकळ्या पंख्याचा, समोर काहीही अडथळा नसताना. त्याच्या तोंडाला डक्ट, म्हणजे हवेची नळी लावा, दोन वळणं द्या, पुढे फिल्टरमधला वास धरणारा कोळशाचा थर आणा, की आकडा घसरत जातो. किती घसरतो हे पंख्याच्या आलेखावरून कळतं: एका अक्षावर हवा, दुसऱ्यावर स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटायला लागणारा दाब. पंखा हवा आणि दाब दोन्ही एकदम जास्तीत जास्त देत नाही. आणि फिल्टरच्या खोक्यावर छापलेला आकडा याच्या नेमका उलट वाचायचा असतो. तो सांगतो, याहून जास्त हवा माझ्यातून नेऊ नका. म्हणजे एक आकडा बढाईचा, दुसरा मर्यादेचा. दोन्ही एकाच एककात छापलेले असतात म्हणून दुकानदार ते शेजारीशेजारी ठेवून विकतो.

वासाचं म्हणाल तर तो एका पदार्थाचा नसतो. या झाडाच्या फुलोऱ्यात लिमोनीन असतं, जे लिंबाच्या सालीत असतं. पायनीन असतं, जे चिडाच्या लाकडात असतं. कॅरिओफिलीन असतं, जे मिऱ्यात आणि आपल्या तुळशीतही असतं. हे सगळे सभ्य वास. पण नाकाला झोंबणारा, भिंतीपलीकडे जाणारा जो उग्र भाग आहे तो गंधकाच्या संयुगांचा, असं अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलं. लसणीचा वास ज्या जातकुळीतला, त्याच जातीचे हे रेणू. अगदी अल्प प्रमाणात असले तरी नाकाला लागतात. म्हणून ‘नव्वद टक्के वास गेला’ या वाक्याला इथे अर्थ नाही. उरलेले दहा टक्के शेजारच्या बाईंच्या चादरीत जातात.

मी अगरबत्ती मागितली. हिने देवघरातली दिली, ‘विझवून आण’ म्हणाली. (देवाची अगरबत्ती त्या तंबूपाशी नेण्याबद्दल तिचं काय मत होतं ते मी विचारलं नाही.) तंबूच्या शिवणींपाशी, चेनपाशी धूर धरला तर तो आत ओढला जात होता. म्हणजे तंबूत ऋण दाब होता, बाहेरची हवा आत येत होती. कापडाच्या भिंतीही पोटात गेल्या होत्या. तिथून वास गळत नव्हता. मग मी पंख्याच्या पुढे गेलो. मुलाने पंखा तंबूच्या डोक्यावर ठेवला होता, त्यापुढे ॲल्युमिनियमचा लवचीक डक्ट, आणि डक्टच्या टोकाला फिल्टर, तळघरात लोंबकळणारा. त्या सांध्यापाशी धूर फस्सकन बाहेर उडाला. आमचे फोरमन म्हणायचे, पंख्याआधीची गळती गुपचूप, पंख्यानंतरची बोंबाबोंब. पंख्याच्या ओढणाऱ्या बाजूला भोक पडलं तर स्वच्छ हवा आत शिरते. ढकलणाऱ्या बाजूला पडलं तर आतला माल बाहेर. याने सगळे सांधे ढकलणाऱ्या बाजूला ठेवले होते.

पण सांध्यावर टेप मारून वास थांबला नाही. फिल्टरच्या अंगाला नाक लावलं तर तिथूनही येतच होता.

मग आम्ही दाब आणि हवा मोजायला बसलो. हा भाग मला सर्वांत आवडला, हे कबूल करतो. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी आणून तिचा इंग्रजी यू केला, फळकुटावर ठोकला, मागे आलेखाचा कागद. पाणी दिसावं म्हणून त्यात हिच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू. एक टोक पंखा आणि फिल्टर यांच्या मध्ये खुपसलं. कुंकवाचं पाणी एका बाजूला उतरलं, दुसऱ्या बाजूला चढलं. फरक अठरा मिलिमीटर. चिंचवडला याच कामाला आमच्याकडे तिरप्या नळीचे मॅनोमीटर होते, पण तत्त्व हेच. हवा मोजायला कचऱ्याची सव्वाशे लिटरची पिशवी. चपटी करून फिल्टरच्या बाहेर पुठ्ठ्याची टोपी करून तिच्या तोंडाला बांधली, पंखा चालू, आणि मुलाने फोनवर संथ गतीचा व्हिडिओ घेतला. एका सेकंदाला किती चित्रं हे फोन सांगतोच. पिशवी टम्म फुगेपर्यंतची चित्रं मोजली. एक पूर्णांक दोन सेकंद. म्हणजे साधारण २२० सीएफएम. चारशेच्या पंख्याची ही खरी कमाई.

‘दोनशेच्या फिल्टरमधून दोनशे वीस. तसं फार काही जास्त नाही,’ मुलगा म्हणाला.

मी फिल्टर काढून कानाशी हलवला. खुळखुळा वाजला. आतला कोळसा बसला होता, वरच्या टोकाला बोटभर जागा रिकामी. हवेला फुकटची वाट मिळाली तर ती कोळशातून कशाला जाईल? आणि थर तरी किती? मोजला, जेमतेम पंचवीस मिलिमीटर. फूटभर लांबीच्या नळकांड्याचं क्षेत्रफळ, त्यातून जाणारी हवा, थराची जाडी, हा पाचवीच्या वर्गातला भागाकार. उत्तर आलं, हवा कोळशाच्या सहवासात असते सेकंदाचे सुमारे तीन शतांश.

‘पापणी मिटायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो,’ मी म्हणालो. ‘कोळशाला त्या रेणूशी ओळख करून घ्यायला तरी वेळ देशील की नाही?’

कोळशाचं काम ओळखीचंच आहे. तो वास पिऊन टाकत नाही, पृष्ठभागावर धरून ठेवतो. स्पंज पाणी शोषतो ते वेगळं, हे अधिशोषण. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये एवढी सूक्ष्म छिद्रं असतात की आतली सगळी भिंत उलगडली तर हजारएक चौरस मीटर भरावी. त्या गल्लीबोळांत रेणू शिरायला, वळायला, चिकटायला वेळ लागतो. नियम म्हणून सेकंदाचा दहावा भाग तरी द्यावा, त्याहून जास्त दिला तर उत्तमच.

जुन्या फिल्टरचं खोकं मुलाने अजून ठेवलं होतं. त्यावर लिहिलं होतं, नारळाच्या करवंटीचा कोळसा. मी ते दोनदा वाचलं. आजोळी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्यात करवंट्या जळायच्या. सकाळी त्यातला विझका कोळसा काढून आम्ही दात घासायचो. तोच माल वाफेत आठशे-हजार अंशांना पुन्हा तापवला की त्याला ही असंख्य छिद्रं पडतात. करवंटीचा कोळसा लाकडी कोळशापेक्षा टणक आणि त्याची छिद्रं जास्त बारीक, म्हणून वायूंसाठी तो सरस. पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या मुखवट्यांत अमेरिकेने हाच वापरला, आणि करवंट्या पुरेनात तेव्हा १९१८ मध्ये लोकांकडून पीचच्या बिया गोळा केल्या. आणि आता तो कॅनडातल्या तळघरात गांज्याचा वास धरायला आला होता. कोकणी माणसाचं नशीब असंच, कुठे कुठे जाऊन जळावं लागेल सांगता येत नाही.

शनिवारी दुकानात गेलो. काउंटरवर कोपरापर्यंत गोंदलेला मुलगा, अतिशय नम्र. त्याचं शास्त्र इंचांचं होतं: सहा इंची पंखा, सहा इंची फिल्टर, सहा इंची डक्ट. मी त्याला पंख्याचा दाबाचा आलेख मागितला तर म्हणाला, सर, हे आजवर कुणी मागितलं नाही. व्यास जुळणं म्हणजे पत्रिकेत नुसती नाडी जुळणं. बाकीचे गुण कोण बघणार? पण पोराने मनावर घेतलं. कंपनीच्या वेबसाइटवरून आलेख शोधून काढला, छापून दिला, आणि वाकून माझ्याबरोबर वाचत बसला. मी त्याला सांगितलं, फिल्टर विकताना हलवून बघ, वाजला तर विकू नकोस. त्याने तिथल्या तिथे रॅकवरचे तीन हलवले. एक वाजला. त्याने तो मागच्या खोलीत नेऊन ठेवला.

आम्ही पंखा तोच ठेवला, फिल्टर बदलला. सहा इंची, वीस इंच लांब, कोळशाचा थर ४६ मिलिमीटर, ठासून भरलेला, हलवला तर मुका. आता हवा किती हवी ते ठरवायचं. तंबूचं घनफळ १०७ घनफूट. मिनिटाला एकदा सगळी हवा बदलावी असा तिकडचा ढोबळ हिशोब आहे, पण मला तो पटत नाही. हवा कशासाठी बदलायची ते आधी ठरवावं. दिवा २४० वॅटचा. एलईडी म्हणजे थंड दिवा हा गैरसमज आहे, आत शिरलेली वीज शेवटी जवळपास सगळी उष्णताच होते. दीडशे सीएफएम हवा खेळवली तर ती उष्णता तंबूला खोलीपेक्षा तीन अंशांहून कमीच तापवते. तेवढं पुरे. आणि दीडशेला नव्या फिल्टरमधला सहवास येतो सेकंदाचा पाचवा भाग. आधीच्या सातपट.

आणखी एक गंमत, जी टेस्ट बेंचवर रोज बघूनही मला दर वेळी नवी वाटते. पंख्याचा वेग कमी केला की हवा त्याच प्रमाणात कमी होते, दाब वर्गाने आणि विजेचा खर्च घनाने. सत्तर टक्के वेगावर वीज लागते जेमतेम एक तृतीयांश. आवाज तर त्याहून जास्त पडतो. फिल्टर रुंद छातीचा मिळाला की पंख्याला ओरडावं लागत नाही. आम्ही रेग्युलेटर खाली आणला, आणि तळघरात प्रथमच फ्रिजचा आवाज ऐकू आला.

बसवणं रविवारी केलं. फिल्टर तंबूच्या आत, छताशी आडवा टांगून; गरम आणि वासाची हवा वरच असते. त्याला लागून पंखा, फिल्टरमधून ओढणारा. मग डक्ट, एकच वळण, तेही मोठ्या त्रिज्येचं, नळी ताणून सरळ केलेली, कारण चुण्या पडलेला लवचीक डक्ट म्हणजे पंख्याच्या पायातली बेडी. आता सगळे गळके सांधे फिल्टरनंतर आले. गळले तरी धुतलेलीच हवा गळणार. फिल्टरवर पांढरं कापडी आवरण, तेवढंच काढून धुवायचं. कोळसा धुवायचा नाही.

मुलगा शिडीवर, मी खालून पट्टा देतोय. तसा मी त्याला नारायण पेठ सांगितली. टेबलफॅन, चौक, मालकांची ओटी. आजवर कधी सांगितली नव्हती; पिंपरीला स्वस्त खोली मिळाली म्हणून गेलो, असंच त्याला माहीत होतं.

तो शिडीवरून म्हणाला, ‘मग तुम्ही भांडला का नाहीत?’

‘कशावरून भांडणार? वास येतच होता.’

तो बराच वेळ क्लॅम्प आवळत राहिला. मग म्हणाला, ‘त्यांनी चिठ्ठी तरी लिहिली, नाही का,’ आणि मला आधी कळेना की तो कुणाबद्दल बोलतोय.

डक्टचं टोक कुठे सोडायचं यावर आमचा वाद झाला. त्याचं म्हणणं, खिडकीबाहेर. मलाही आधी तेच बरोबर वाटलं. पण तळघराच्या कोपऱ्यात गॅसचा बंब उभा होता, पाणी तापवण्याचा, जुन्या पद्धतीचा. त्याचा धूर नैसर्गिक ओढीने धुराड्यातून वर जातो. इकडची घरं थंडीसाठी डबाबंद केलेली. अशा घरातून मिनिटाला दीडशे घनफूट हवा बाहेर फेकली की तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि तिला सर्वांत सोपी वाट धुराड्याची. मी म्हटलं, बघू. डक्ट खिडकीला लावला, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आणि कपडे वाळवायचं यंत्रही चालू केलं, बंबाचं पाणी सोडून बर्नर पेटू दिला, आणि अगरबत्ती बंबाच्या टोपीपाशी धरली. धूर वर जायला हवा. तो क्षणभर घुटमळला आणि आमच्या तोंडावर आला.

आम्ही दोघेही काही बोललो नाही. मुलाने पंखा बंद केला, मी खिडकी सताड उघडली. धुराड्यातून परतणाऱ्या त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला ना रंग ना वास. जगातला कुठलाही कोळशाचा फिल्टर तो धरत नाही. भिंतीवर अलार्म होता, ओंटारिओत तो सक्तीचाच आहे. मुलाने बटण दाबून तो वाजतोय याची खात्री केली. शेजारी वास जाऊ नये म्हणून आपण स्वतःच्या घरात बिनवासाचं विष ओढून घेणार होतो. मला अजूनही रात्री कधी कधी तो मागे वळलेला धूर दिसतो. शिवाय हवा अशी बाहेर उपसली की जमिनीतून तळघरात येणारा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायूही जास्त ओढला जातो, आणि त्या प्रांतात त्याची चिंता खरी आहे.

मग ठरलं, हवा तळघरातच सोडायची. तंबूतून निघालेली हवा फिल्टरमधून धुऊन घरातच फिरणार. घरातला दाब जागच्या जागी. उष्णता वाया नाही, आणि झाडांनी सोडलेली वाफही हिवाळ्यातल्या त्या कोरड्या घराला हवीच होती. हिच्या टाचांच्या भेगा आठवड्यात कमी झाल्या. अट एकच, फिल्टर चोख हवा, कारण आता चूक शेजाऱ्यांच्या आधी आपल्यालाच कळणार. हे मला जास्त न्यायाचं वाटलं.

तीन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी पहाटे पुन्हा अंधुक वास. मी आर्द्रतामापक बघितला: दिवा बंद असताना तंबूत ७९ टक्के. कोळशाची छिद्रं पाण्याच्या वाफेलाही आवडतात. सत्तरच्या वर गेलं की पाणी जागा अडवून बसतं आणि वासाला दारातूनच परत पाठवतं. मुलाने रात्री पंखा निम्म्याहून खाली ठेवला होता, झोपमोड नको म्हणून, आणि झाडांना पाणी संध्याकाळी घालत होता. पाणी सकाळी घालायला सांगितलं, रात्री पंखा थोडा वर. आकडा ६० वर आला. वास गेला, तो गेलाच. कोळसा साधारण वर्ष-दीड वर्ष टिकेल. नंतर पुन्हा नाक सांगेल.

झाडांबद्दल आम्ही बोललो नाही. म्हणजे मी विचारलं नाही, तो सांगायला आला नाही. फक्त एकदा तो म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला आवडलेलं नाही ना?’ मी म्हणालो, ‘नाही.’ तो म्हणाला, ‘बरं.’ आणि मग त्याने फिल्टरचं आवरण धुवायला काढून माझ्या हातात दिलं.

परवा ही सकाळी तळघरात गेली ती लगेच वर आली. चेहरा उतरलेला. ‘अरे, माझ्या तुळशीचाही वास येत नाही.’

मी समजावलं, कोळसा निवड करत नाही. मिऱ्यातला, लिंबातला, तुळशीतला, सगळ्यांना सारखाच धरतो. तंबूबाहेर काहीच येणार नाही. तिला ते काही पटलं नाही. परत खाली गेली, चेन उघडून अर्धी आत शिरली, आणि डोकं तुळशीत घालून चांगली पाच मिनिटं उभी राहिली. बाहेर आली तेव्हा प्रसन्न होती. लोकरीच्या स्वेटरला, केसांना, पदराला त्या चार झाडांचा असा काही दर्प होता की मी जिन्यावरच थांबलो.

तिने टेबलावरचा चकल्यांचा डबा उचलला. शेजारच्या बाईंसाठी तो तिने कालच भरून ठेवला होता, वर कागदात गुंडाळलेली चार तुळशीची पानं. मी तोंड उघडलं. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. आम्ही दोघे खिडकीपाशी गेलो. ही बर्फातून जपून पावलं टाकत शेजारच्या पायऱ्या चढली, आणि घंटा वाजवून, पदर सावरत, हसऱ्या चेहऱ्याने दार उघडायची वाट बघू लागली.